न्यूयॉर्क शहराच्या कामावर बुडालेली मजुरी कशी मागायची

मी क्वीन्समध्ये राहते, नोकरीत पगारपत्रकं बघते आणि सुटीच्या दिवशी ओळखीतल्या कामगारांचे कागद लावून देते. शहराची शाळा रंगवणारा, सरकारी इमारतीत झाडलोट करणारी, तिथेच गार्ड म्हणून उभा राहणारा, यांतल्या बहुतेकांना आपला दर किमान वेतनापेक्षा खूप वरचा आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्या दराला प्रिव्हेलिंग वेज म्हणतात. न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत तो १९३८ पासून आहे. शहराच्या कामांपुरता हा दर ठरवण्याचं आणि बुडवला तर वसूल करून देण्याचं काम कॉम्प्ट्रोलरचं. शहराच्या पैशावर नजर ठेवणारा हा अधिकारी लोकांनी निवडून दिलेला असतो.

आधी काम कुणाचं ते बघा. शाळा, शहराची कार्यालयं असतील तर कॉम्प्ट्रोलर. सबवेचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं, किंवा राज्याचं काम असेल तर राज्याचा कामगार विभाग. दुकान-हॉटेलात काम करणाऱ्यांनीही तिथेच जायचं. त्यांना १ जानेवारी २०२६ पासून तासाला किमान १७ डॉलर मिळायला हवेत.

मग कॉम्प्ट्रोलरच्या वेबसाइटवरून दरांचं शेड्यूल उतरवा. ते दर १ जुलैला नवं निघतं, त्यामुळे ज्या महिन्यात काम केलं त्या वर्षाचं घ्या. तुमच्या कामापुढे दोन आकडे असतील: तासाची मजुरी आणि तासाचे सप्लिमेंटल बेनिफिट्स, म्हणजे विमा, पेन्शन अशा लाभांची रक्कम. लोक पहिलाच आकडा वाचून थांबतात. दुसराही तुमचाच आहे. मालक तुमच्या विम्यात, पेन्शनमध्ये खरोखर पैसे भरत असेल तर ते त्यातून वजा होतात, उरलेले रोख मिळायला हवेत. पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर, या रकमेचा मागमूस नसेल तर तिथेच बोट ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मालकाने तुम्हाला काय नाव दिलंय याला किंमत नाही, हातांनी काय केलं याला आहे. ‘हा आमचा हेल्पर’ असं म्हणून रंगाऱ्याला अर्ध्या दरात राबवता येत नाही. कमी दर फक्त रीतसर नोंदणी झालेल्या अप्रेंटिसला, म्हणजे शिकाऊ कामगाराला. म्हणून वही ठेवा, आणि त्याच संध्याकाळी लिहा: तारीख, जागेचा पत्ता, कधी आलो, कधी सुटलो, कोणतं हत्यार हातात होतं, सुपरवायझर कोण, सोबत कोण. ‘दिवसभर काम केलं’ असं लिहून भागत नाही. ‘सकाळी भिंत घासली, दुपारी दुसऱ्या मजल्यावर प्रायमर मारला’ असं हवं. मराठीत लिहिलंत तरी चालेल. रोख पैसे मिळत असतील तर तेही त्याच दिवशी टिपा. चेकचे, कामाच्या जागी लावलेल्या दरपत्रकाचे फोटो काढून ठेवा. दरपत्रक लावलेलंच नसेल तर तेही लिहा.

तक्रार १ सेंटर स्ट्रीटवरच्या कॉम्प्ट्रोलर कार्यालयाच्या कामगार कायदा विभागाकडे करायची. वकील लागत नाही, फी नाही. कागदपत्रं नसलेल्या माणसालाही हा हक्क तेवढाच आहे. हे मी दरवेळी दोनदा सांगते, कारण लोक भीतीनेच मागे फिरतात. तक्रार केली म्हणून कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. मात्र उशीर करू नका, जुन्या दिवसांचे पैसे हातचे जातात.

पुढे हे कार्यालय मालकाची पगारपत्रकं मागवतं. तडजोड झाली नाही तर प्रकरण सुनावणीला जातं. बुडालेल्या रकमेवर १६ टक्क्यांपर्यंत व्याज आणि वर २५ टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. सहा वर्षांत दोनदा जाणूनबुजून बुडवल्याचं ठरलं तर त्या कंत्राटदाराला पाच वर्षं सरकारी काम मिळत नाही.

याला वेळ लागतो, म्हणून घर बदललं की नवा पत्ता कळवा. पत्ता न सापडल्यामुळे वसूल झालेली मजुरी तशीच पडून राहते, हे मला फार लागतं. अशा कामगारांच्या नावांची यादी कॉम्प्ट्रोलरच्या वेबसाइटवर आहे. तक्रार तुम्ही केली नसेल, सोबतच्या कुणी केली असेल, तरी आपलं नाव तिथे शोधा. पासपोर्टवरचं आणि चेकवरचं, दोन्ही स्पेलिंग घालून बघा.