जुनी गाडी रंगवायची का? आधी चुंबक काढा, पाकीट नंतर

परभणीत जिंतूर रोडला माझं गाड्यांच्या रंगाचं दुकान आहे. रंगाचे डबे, थिनर, हार्डनर, पुट्टी, पॉलिश पेपर, मास्किंग टेप, एवढाच माल. रंग मारायचं काम आम्ही करत नाही. पेंटर माल न्यायला येतात आणि त्यांच्यामागे कधीकधी गाडीचे मालकही येतात. दसऱ्याच्या आधी तर रोज कुणीतरी काउंटरला टेकून उभा असतो, "दादा, गाडी लै जुनाट दिसायलीय. फुल बॉडी मारून घ्यावं का?" बजेट विचारलं की वीस हजार, पंधरा हजार, कधी दहाच. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय.

आधी गाडी धुवा आणि सकाळच्या उजेडात चारी बाजूंनी बघा. धुवा म्हणजे खरंच धुवा. आपल्याकडं बोअरचं पाणी जड. उन्हात गाडी धुतली की पाणी जागच्या जागी वाळतं आणि क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. त्या ठिपक्यांनाच 'रंग गेला' समजणारे लोक मी पाहिलेत. पाणी घालून पातळ केलेलं व्हिनेगर फडक्यावर घ्या, हलक्या हातानं पुसा, लगेच धुवा. ताजे डाग निघतात. जुने पॉलिशशिवाय हलत नाहीत.

मग गाडीचे मनातल्या मनात दोन भाग करा, वरचा आणि खालचा. आपल्या भागात ऊन गाडीला वरून खातं आणि गंज खालून. छत आणि बॉनेट दिवसभर उन्हाला सपाट पडलेले असतात, म्हणून रंग आधी तिथला जातो. ते डोळ्यांना खुपतं, लोक त्यालाच घाबरतात. पण गाडीचा जीव जातो तो खालून, दाराच्या तळाला, चाकाच्या कमानीत, पायाखालच्या मॅटच्या खाली. तिथं वाकून कुणी बघत नाही. तुटपुंज्या पैशात रंगाचा निर्णय घ्यायचा असेल तर पहिला रुपया खालच्या भागाला. वरच्याचं वय दिसतंय, दिसू द्या.

खालचा भाग तपासायला घरातलं साधं चुंबक पुरतं. ओरखडे पडू नयेत म्हणून त्याला पातळ फडकं गुंडाळा आणि पत्र्यावरून फिरवत चला. जिथं ते ढिलं पडतं किंवा गळून पडतं, तिथं आत पुट्टीचा जाड थर आहे, म्हणजे कधीतरी डेंटिंग झालेलं आहे. बंपर प्लास्टिकचे असतात, तिथं चिकटणारच नाही, घाबरू नका. त्यानंतर फुगे शोधा. रंगाखाली वाटाण्याएवढा फुगा दिसला तर तो वरून आलेला नसतो, आतून गंजानं रंग उचललेला असतो. अंगठ्यानं दाबा. कडक असेल तर बहुधा पत्रा शाबूत आहे. कुरकुरला किंवा आत गेला तर पत्रा सडला. मॅट उचलून बघा, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात बघा, समोरच्या काचेच्या रबराखाली बघा. दारांच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. काळी माती बसून ती बुजतात, पावसाचं पाणी दारातच साचतं आणि दार आतून कुजतं. काडी घालून ती मोकळी करायला एक पैसा लागत नाही, आणि माझ्या मते जुन्या गाडीवर करण्यासारखं याहून फायद्याचं दुसरं काम नाही.

नुसता वरवरचा गंज असेल तर चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा, इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला धरून ठेवणारा पहिला थर) द्यायचा, मग सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा थर) आणि रंग. भोक असेल तर सडका पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. भोकावर पुट्टी थापून रंग मारून देणारे भेटतील, स्वस्तातही देतील. पुट्टी पाणी शोषते. मागून ओल लागली की पुढच्या पावसाळ्यात तो गोळा जसाच्या तसा उचलून येतो. गंजावर थेट रंग मारलेली गाडी मला कुणी दाखवायला आणली, तर तो रंग कधी सुटेल, मी नुसता त्या तारखेचा अंदाज सांगतो.

आता वरचा भाग. इथं एकच गोष्ट कळायला हवी. तुमच्या गाडीवर एकच थर आहे, की रंगावर वेगळा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, आहे? मेटॅलिक, म्हणजे चमकीचा रंग, असेल तर क्लिअर कोट आहेच. जुन्या साध्या पांढऱ्या, लाल गाड्यांवर बऱ्याचदा एकच थर असतो. दिसणार नाही अशा कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर (गाडीच पांढरी असेल तर गडद फडक्यावर) थोडं रबिंग कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, घेऊन घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर एकच थर. खडूसारखी पूड निघत असेल तर अभिनंदन, तुमचे पैसे वाचले. वरचा उन्हानं मेलेला पापुद्रा रबिंगनं निघतो आणि खालचा चांगला रंग वर येतो. आमच्या भागात लहान गाडीचं रबिंग-पॉलिश दीड-दोन हजारांत होतं. कित्येकांना मी इथूनच परत पाठवतो. अशा वेळी पेंटर माझ्याकडं कसं बघतात ते सांगत नाही.

फडक्याला रंग लागला नाही आणि वरचा थर नुसता मळकट असेल, तरी पॉलिशनं सुधारतो. पण छतावर, बॉनेटवर उन्हात सोललेल्या कातडीसारखे पापुद्रे निघत असतील तर पॉलिशचा उपयोग नाही. क्लिअर कोट संपला. त्याच्यावरच नुसता लॅकर (नवा पारदर्शक थर) मारून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. जुन्या थराची कड खालून दिसत राहते आणि तीच पुढं सुटत जाते. तो पॅनल पूर्ण घासून नव्यानंच करावा लागतो. ओरखड्याचं मात्र सोपं आहे. नखाला अडकत नसेल तर पॉलिशनं जाईल, अडकत असेल तर नाही.

रबिंगलाही मर्यादा आहे. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात, त्यात क्लिअर कोट चाळीस-पन्नासचा. दर दिवाळीला मशीन फिरवलं तर कडा आधी उघड्या पडतात, कारण कडेवर थर पातळ असतो.

गाडी आधी कधी रंगवलेली असेल, किंवा जुनी घेतली आणि माहीतच नसेल, तर आणखी एक चाचणी करा. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं दाराच्या आतल्या कडेला घासा. रंग विरघळून फडक्यावर आला तर तो एनसी (नायट्रोसेल्युलोज, नुसता थिनर उडून वाळणारा रंग) आहे. नाही आला तर कंपनीचा किंवा पीयू (पॉलियुरेथेन). हे एवढ्यासाठी की एनसीवर थेट पीयू मारला तर खालचा रंग सुरकुततो, वरचा फाटतो, आणि मग पत्र्यापर्यंत सगळं उतरवावं लागतं. तुमचं वीस हजारांचं बजेट तिथंच संपतं. काम सुरू झाल्यावर हे कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं बरं.

एनसी स्वस्त, लवकर वाळतो, पण मराठवाड्याच्या उन्हात एक-दोन वर्षांत निस्तेज होतो आणि सारखं पॉलिश मागतो. पीयूमध्ये हार्डनर मिसळतात, तो टिकतो. आज माझ्याकडं येणारे पेंटर लहान गाडीच्या फुल बॉडीला पीयूत पस्तीस-चाळीस हजारांच्या पुढंच बोलतात, एनसीत पंधरा-अठराला होकार देतात. मालाच्या किमतीत एवढा फरक नसतो. फरक मेहनतीत आहे. अठरा हजारांत कुणी दिवे, हँडल, रबरं काढत नाही, वरून टेप लावतात. पॉलिश पेपरनं घासायला दिवस घालवत नाहीत. चार-सहा महिन्यांनी टेपच्या रेषेवरून रंग सुटायला लागतो. म्हणून माझं मत ठाम आहे : अर्ध्या पैशात पूर्ण गाडी रंगवू नका. त्याच पैशात अर्धी गाडी नीट रंगवा.

समजा वीस हजार आहेत. खालच्या गंजाचं काम आधी. उरलेल्यात छत पीयूमध्ये, शिवाय जमलं तर बॉनेट. बाकी अंगाला रबिंग. छत आधी म्हणतो त्याचं कारण असं की ते बाजूच्या पॅनलशी एका पातळीत येत नाही, छटेत थोडा फरक पडला तरी कुणाला कळत नाही. बॉनेट आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) शेजारी-शेजारी, तिथं लगेच कळतं. पांढऱ्याला निभावतं. सिल्व्हरला फार त्रास. मेटॅलिकमध्ये स्प्रे गनचं प्रेशर, हाताचा वेग, थिनर किती, सगळ्यानं छटा बदलते. चांगला पेंटर रंग फेंडरवर थोडा विरवत नेतो आणि क्लिअर पूर्ण फेंडरवर मारतो. त्याचे पैसे जास्त मागितले तर द्या.

रंग मिळवायला कलर कोड लागतो. बॉनेट उघडल्यावर फायरवॉलवर (इंजिनमागच्या आडव्या पत्र्यावर) किंवा दाराच्या खांबावर पट्टी असते. मारुतीचा सुपीरियर व्हाइट म्हणजे २६-यू, सिल्की सिल्व्हर म्हणजे झेड-२-एस. पण कोड सांगतो तो कारखान्यातून निघालेला रंग, तुमची गाडी मधले दहा-बारा उन्हाळे खाऊन आलेली. म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून आणा, आणि आणण्याआधी त्याला पॉलिश करा. मळक्या झाकणाशी मिळवलेला रंग पॉलिश केलेल्या गाडीवर मळकाच दिसतो. हे एक वाक्य ऐकलं असतं तर पाथरीचे एक गुरुजी दोनदा डबा घ्यायला आले नसते.

रंग बदलायचा विचार डोक्यातून काढा. आरसीवर रंगाची नोंद असते, बदलला तर आरटीओत नोंदवावा लागतो. शिवाय दारांच्या आतल्या कडा, बॉनेटखालचा भाग जुन्याच रंगाचा राहतो. ते सगळं करायचं तर खर्च कुठल्या कुठं जातो.

आणि हो, आरसी हातात घेतलीच आहे तर तिच्यावरची तारीख वाचा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याची फी, वर पर्यावरण कर. आपली एमएच-२२ ची, म्हणजे परभणी पासिंगची, गाडी पुढच्या वर्षी पंधरा पूर्ण करणार असेल, तर ती ठेवायची की नाही हे आधी ठरवा. टायरही बघा. बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचे टायर आणि मऊ पडलेला ब्रेक घेऊन कुणी रंगाचं विचारलं, तर मी टायरच्या दुकानाचा रस्ता दाखवतो.

विकायची म्हणून रंगवणार असाल तर अजिबात नको. ताज्या रंगाची जुनी गाडी बघितली की घेणारा पहिला प्रश्न विचारतो, "ॲक्सिडेंटची हाय का?" घातलेले पैसे किमतीत परत येत नाहीत. धुवा, पॉलिश करा, आतून साफ करा, तसाच खरा रंग दाखवा.

करायचंच ठरलं तर वेळ निवडा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. पावसाळ्यात हवेत ओल असते, एनसीवर पांढुरकी झाक येते. मे महिन्यात थिनर गन आणि पत्र्याच्या मधेच उडून जातो, रंग खरबरीत बसतो, वर वावटळी. कापसाच्या हंगामात मानवत-सेलूकडं जिनिंगच्या जवळ शेड असेल तर ओल्या रंगावर तंतू चिकटतात, तेही बघा. धूळ उडू नये म्हणून पेंटर रंगाआधी जमिनीवर पाणी शिंपडत असेल तर त्याला कामाची जाण आहे. दसऱ्याच्या आठवड्यात मात्र कुणालाच देऊ नका. सगळ्यांना पूजेआधी गाडी पाहिजे असते, आणि वाळवायचा वेळ पहिल्यांदा कापला जातो.

पेंटरला चार गोष्टी स्पष्ट विचारा. पीयू की एनसी, दिवे-हँडल काढणार का, गंजाखाली कोणता प्रायमर, आणि हे कागदावर लिहून देणार का. डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. नवी नंबर प्लेट ज्या लॉकनं बसवलेली असते ते एकदा तोडलं की परत बसत नाही, म्हणून प्लेट काढू नका, झाकून घ्या म्हणावं. गाडी सोडण्याआधी चारी बाजूंचे आणि किलोमीटरचे फोटो काढा.

घरी करणाऱ्यांसाठी : दगडाच्या टिचक्यांना छोटी बाटली किंवा स्प्रे कॅन चालतो. पण पीयू घराच्या अंगणात तोंडाला रुमाल बांधून मारू नका. त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट श्वासात गेला तर दमा लावतो. त्याला योग्य मास्क लागतो, रुमालानं काही अडत नाही. अंगणात लेकरं असतील तर विषयच सोडा.

गाडी परत आली की महिनाभर वॅक्स, पॉलिश, कव्हर काही नको, नुसतं पाणी. कडुलिंबाच्या झाडाखाली लावत असाल तर पाखरांची घाण त्याच दिवशी धुवा, ऊन लागलं की ती नव्या रंगात खड्डा पाडते. आणि पेंटरकडून उरलेला रंग मागून घ्या, हार्डनर न घातलेला. घातलेला दुसऱ्या दिवशी डब्यातच दगड होतो. शंभर मिली काचेच्या बाटलीत भरा, घट्ट बूच लावा, वर कोड आणि तारीख लिहून सावलीत ठेवा.