ठाण्याहून विमानाने जायला नेमका किती वेळ लागतो, तो कसा काढावा

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८०० धरून भागाकार केला की दीड तासाच्या आत उत्तर येतं. ते उत्तर सोडून द्या. तिकिटावरचे सव्वादोन तासच धरा, कारण त्यात विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ येतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते. उड्डाणासाठी रांग लागते, उतरताना घिरट्या पडतात.

परदेशी जात असाल तर तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. इथून १० वाजता निघून तिथे ११:४५ ला पोहोचलात, तर प्रवास सव्वातीन तासांचा झाला.

तिकिटावर विमानतळ कोणता तेही बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. 'एनएमआय' म्हणजे नवी मुंबई, 'बीओएम' म्हणजे जुना विमानतळ.

आता खरी अडचण: घर ते काउंटर. इथे सगळे चुकतात, मीही चुकलो. सकाळी ९ चं विमान, घर घोडबंदर रोडला. अंतर तीस किलोमीटर, म्हणून पावणेसातला निघालो. कापूरबावडीलाच वीस मिनिटं गेली, पुढे पवईत गाडी हलेना. काउंटरवर पोहोचलो तेव्हा आठ वाजून चार मिनिटं झाली होती आणि सामानाचा पट्टा बंद होता. वडिलांच्या औषधांची बॅग हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. विमान अजून तासभर जमिनीवर होतं, पण देशांतर्गत उड्डाणाचं काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं आणि गेट २५ मिनिटं आधी.

म्हणून हिशोब उड्डाणाच्या वेळेपासून नको, काउंटर बंद होण्याच्या वेळेपासून उलटा करा. ९ चं विमान म्हणजे ८ ला काउंटर बंद. सव्वासातला तुम्ही टर्मिनलच्या दारात हवेत. कामाच्या दिवशी सकाळी रस्त्याने जायचं तर घोडबंदरहून पावणेदोन तास धरा. पावसाळ्यात अडीच. 'पाऊण तासात सोडतो' म्हणणाऱ्या ड्रायव्हरवर विसंबू नका, तो रात्री दोनचा रस्ता सांगत असतो.

सामान कमी असेल तर मी रस्त्याचं नावच काढत नाही. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रो पकडून पुढचंच स्टेशन टी-२, म्हणजे जुन्या विमानतळाचं टर्मिनल २. फक्त पहाटेच्या विमानासाठी हा मार्ग नको, तेव्हा मेट्रो सुरू झालेली नसते. त्या वेळी रस्ता मोकळा असतो, टॅक्सीच करा.

दिल्लीत उतरल्यावर बॅग हातात यायला अर्धा तास धरा. असं सगळं जोडलं की घोडबंदर ते दिल्ली विमानतळाबाहेर साधारण सव्वासहा तास होतात. तिथल्या माणसाला हाच आकडा कळवा.