नॉर्थ बेरिकला चिप्स खाताना

स्कॉटलंडमधल्या एडिनबरोहून रेल्वेने साधारण अर्ध्या तासावरचं समुद्रकाठचं गाव, नॉर्थ बेरिक. बंदरावर गरमागरम फिश अँड चिप्स घेऊन बसलं, की सीगल मागून येऊन घारीसारखा झडप घालतो आणि हातातला घास जातो.

१. भिंतीला पाठ टेकून बसा. मागची बाजू बंद झाली की अर्धं काम झालं.
२. खोका झाकलेलाच ठेवा, एकेक चिप काढून खा.
३. पक्षी जवळ आला तर त्याच्याकडे रोखून बघा, बहुतेक वेळा थबकतो.

समोर समुद्रात गॅनेट पक्ष्यांनी उन्हाळ्यात पांढराशुभ्र झालेला बास रॉक नावाचा खडक दिसतो. इतका सुंदर, की नजर तिकडेच जाते. तेव्हा आधी खोका बंद करा.

उरलेलं मात्र सीगलना टाकू नका. एकाला दिलंत की दहा जमतात.