घरच्या बाडातील औषधे कशी वाचावीत

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत, विशेषतः रावपुरा आणि दांडिया बाजार या भागांत, माळ्यावरच्या पेटीतून अधूनमधून एखादे हस्तलिखित बाड निघते, आणि त्यात स्तोत्रे, देण्याघेण्याचे हिशेब व पत्रिका यांच्या जोडीला खोकला, मूळव्याध, बाळंतरोग यांवरची औषधेही उतरवलेली सापडतात. ती करून पाहण्याची घाई करू नये. वनस्पतींची नावे तेथे मराठी, गुजराती आणि संस्कृत अशी मिसळलेली असतात, आणि वजने कोणत्या बाजाराची हे लिहिणाऱ्याने नोंदवलेले नसते, कारण त्याच्या घरात ते सर्वांना ठाऊकच होते.

काजळ आणि डिंक यांची शाई ओलाव्याने फिसकटते, म्हणून बोटाला थुंकी लावून पान उलटू नये, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नये, आणि लॅमिनेशनचा विचारही मनात आणू नये. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कोऱ्या पानांसकट सर्व पानांचे क्रमाने फोटो काढावेत आणि पुढचे वाचन त्या फोटोंवरूनच करावे. मध्ये सुटी चिठ्ठी निघाली तर तिची जागा न बदलता ती आहे तिथेच ठेवावी.

आधी काळ ठरवावा. शके असे स्पष्ट लिहिले असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या नोंदीसाठी ७९ मिळवावे लागतात. परंतु नुसता १९२५ असा आकडा दिसला तर थांबावे. बडोद्यात व्यापारी हिशेब कार्तिकात सुरू होणाऱ्या विक्रम संवतात चालत, आणि संवत १९२५ म्हणजे इसवी सन १८६८-६९ होय. ते वर्ष इसवीचे समजले तर बाड एकदम अर्धशतकाने तरुण होते.

लिपी मोडी असेल तर शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद बहुधा पाळलेला नसतो. त्याहून अधिक फसवतात ते अपूर्णांक. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण, हे आजच्या वाचकाच्या लक्षात राहत नाही. समजा, अशी ओळ आहे: ‘खोकल्यास अरडुसीचा रस तो. १। मध तो. ॥ पिंपळी मा. १’. येथे रस सव्वा तोळा आहे, अकरा तोळे नव्हे. मध अर्धा तोळा आणि पिंपळी एक मासा आहे. इंग्रजी अमदानीत ठरलेला तोळा ११.६६ ग्रॅमचा, १२ माशांचा एक तोळा आणि ८ गुंजांचा एक मासा, या हिशेबाने रस सुमारे साडेचौदा ग्रॅम, मध सुमारे सहा ग्रॅम आणि पिंपळी ग्रॅमभर होते.

मात्र ओळ एखाद्या संस्कृत ग्रंथावरून उतरवलेली असेल तर मासा वेगळा निघतो. शार्ङ्गधरसंहितेत ६ गुंजांचा एक माष आणि १६ माषांचा एक कर्ष आहे. कर्ष आणि बाजारचा तोळा दोन्ही ९६ गुंजांचे, त्यामुळे तोळ्यात घोटाळा होत नाही, पण माशात होतो. शेराचे प्रकरण याहून अवघड आहे, कारण ८० तोळ्यांचा शेर सरकारी, तर गुजरातेतील जुना शेर साधारण ४० तोळ्यांचा. साहजिकच नवटाक, म्हणजे शेराचा आठवा भाग, एका हिशेबाने दहा तोळे आणि दुसऱ्या हिशेबाने पाच तोळे भरते. अशा वेळी त्याच बाडातील धान्याचा किंवा तुपाचा हिशेब पाहावा, कारण त्याच हाताने लिहिलेल्या हिशेबातून शेर किती तोळ्यांचा होता याचा माग बहुधा तेथेच लागतो.

आता वरच्या ओळीतील वनस्पतीकडे वळू. अरडुसी म्हणजे आपला अडुळसा, आणि गुजरातीत अरडुसो म्हणजे महारुख, म्हणजे सर्वस्वी निराळे झाड. शेवटची मात्रा पुसट असेल तर एक अक्षर झाड बदलते, म्हणून तेथे प्रश्नचिन्ह टाकावे, अंदाज करू नये. साटोडी म्हणजे पुनर्नवा, गळो म्हणजे गुळवेल, नगोड म्हणजे निर्गुंडी, अशी जुळणी करत जावी. स्त्रीरोगावरच्या काढ्यात अशोकाची साल सांगितली असेल तर ती सीतेच्या अशोकाची समजावी. बडोद्याच्या रस्त्यांच्या कडेला उभा असलेला उंच आसोपालव, ज्याला आपण सर्रास अशोक म्हणतो, तो नव्हे. काष्ठौषधी विकणाऱ्या जुन्या दुकानदाराला नावे विचारून पाहणे उपयोगी पडते. परंतु त्याने पुडीत बांधून दिलेले मूळ तेच आहे, याचा निर्वाळा वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाकडूनच घ्यावा.

काही शब्द दिसताच तांबड्या शाईने खूण करावी: बचनाग, सोमल, हरताळ, मनशीळ, हिंगूळ, रसकापूर, मोरचूद, शेंदूर, मुरदाडशिंग, अफू. यांत पारा, शिसे, आर्सेनिक यांसारखी जहाल द्रव्ये आहेत, आणि शुद्धी, म्हणजे त्यांचा विषारीपणा कमी करण्याची कृती, कशी करावी हे बाडात बहुतेक वेळा दिलेलेच नसते. बाळगुटीतील अतिविष हा शब्द तर दोनदा तपासावा. ‘अति’ पुसला गेला की उरते विष, आणि औषधी योगांत नुसते विष म्हटले की त्याचा अर्थ सहसा बचनाग असा घेतात. पोटात घेण्याचे कोणतेही औषध, विशेषतः लहान मुलाला किंवा गरोदर बाईला, बाडावरून देऊ नये. ते वैद्यापुढे ठेवावे.

नोंद करताना मूळ ओळ चुकांसकट जशीच्या तशी उतरवावी, तिच्या खाली आजच्या मराठीतील वाचन द्यावे आणि संशय तिसऱ्या ओळीत लिहावा. काढा अष्टमांश उरवावा असे असेल तर सोळापट पाण्यातून आठवा भाग उरवण्याची शार्ङ्गधराची रीत लिहिणाऱ्याला अभिप्रेत होती का, हेही तेथेच टिपावे. अनुपान (औषधासोबत घ्यायचा पदार्थ), पथ्य आणि ‘गुण आला’ असा समासातला शेरा वगळू नये. माझ्या मते बाडातील सर्वांत मोलाची माहिती तीच, कारण छापील ग्रंथात ती कोठेच मिळत नाही. ७५ वर्षांहून जुने बाड सरकारी व्याख्येनेही हस्तलिखितात मोडते, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात, जे १९२७ साली स्थापन झाले, हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. तेथील जाणकारांना दाखवताना फोटोंचा संच आणि ही तीन ओळींची नोंद दोन्ही सोबत न्यावीत.