लाईट गेली तरी फाईल शाबूत: सिस्टिम कॉलने फाईल कशी लिहावी

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका गूळ अडतीसाठी मी सौद्यांच्या नोंदींचा प्रोग्राम लिहून दिला होता. ऐन हंगामात, सौदे चालू असतानाच लाईट गेली. मशीन पुन्हा सुरू केलं तेव्हा नोंदींची फाईल जागेवर होती, नावही तेच, आकार मात्र शून्य बाइट. शेतकऱ्यांच्या पट्ट्या कच्च्या चिठ्ठ्यांवरून पुन्हा कराव्या लागल्या. चूक माझ्या कोडमध्येच होती, आणि तीच चूक मला आजही नव्या पोरांच्या कोडमध्ये दिसते. पुढची रीत लिनक्सवरच्या सी भाषेसाठी आहे. सिस्टिम कॉल म्हणजे प्रोग्रामने कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगितलेलं काम.

१. डिरेक्टरी करा. मेकडिर, परवानगी ०७५५. ‘आधीच आहे’ अशी एरर आली तर घाबरू नका, फक्त त्या नावाची साधी फाईल नाही ना, हे स्टॅटने (फाईलची माहिती देणाऱ्या कॉलने) बघा.

२. तात्पुरती फाईल उघडा, तीही मूळ फाईलच्याच डिरेक्टरीत. नवा मजकूर आधी हिच्यात लिहायचा, मूळ नाव शेवटी द्यायचं. ओपनला लिहिण्याचा, क्रिएटचा आणि एक्सक्लचा (फाईल आधीच असेल तर एरर दे, असं सांगणारा) फ्लॅग द्या, तिसरं आर्ग्युमेंट, म्हणजे परवानगी, ०६४४. हे तिसरं आर्ग्युमेंट विसरलात तर फाईलला कसल्याही भलत्या परवानग्या लागतात. मागच्या वेळची अर्धवट तात्पुरती फाईल पडून असेल तर एक्सक्लमुळे ओपन फसेल, म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच ती अनलिंक करा, म्हणजे पुसा.

३. राइट लूपमध्ये चालवा. तुम्ही दिलेले सगळे बाइट एका दमात जातील असं कर्नल कबूल करत नाही. किती गेले ते परत आलेल्या आकड्यावरून बघायचं आणि उरलेले पुन्हा द्यायचे. मध्येच सिग्नल आल्याची एरर असेल तर तोच कॉल पुन्हा.

४. आता खरं काम. माझी फाईल इथेच गेली.

‘क्लोज केलं की डिस्कवर गेलं’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. राइट यशस्वी झालं म्हणजे बाइट कर्नलच्या मेमरीत पोचले, एवढंच. तिथून ते डिस्कवर कधी उतरवायचे हे कर्नल ठरवतो आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये त्याला तीसेक सेकंदही लागू शकतात. क्लोज त्याला घाई करायला सांगत नाही. त्याहून वाईट म्हणजे मूळ फाईलच ट्रंक फ्लॅगने उघडून वरून लिहिणं. तो फ्लॅग ओपनच्या क्षणीच जुना मजकूर पुसतो. नवी वही उतरवून व्हायच्या आत जुनी चुलीत घालावी, तसं ते आहे. मी नेमकं हेच केलं होतं.

म्हणून क्रम असा ठेवा: तात्पुरत्या फाईलवर एफसिंक (मेमरीतले बाइट आत्ताच डिस्कवर उतरव, असं कर्नलला सांगणारा कॉल), मग क्लोज, मग रिनेमने तिला मूळ नाव द्या, आणि शेवटी डिरेक्टरी वाचण्यासाठी उघडून तिच्यावरही एफसिंक. रिनेम अखंड असतं: वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाईल मिळते किंवा पूर्ण नवी. पण एफसिंकच्या आधी रिनेम केलं तर नवं नाव डिस्कवर आणि मजकूर अजून मेमरीत, अशी वेळ येऊ शकते. शून्य बाइटची फाईल अशानेही जन्मते. डिरेक्टरीवरचं एफसिंक बहुतेक जण गाळतात. गाळू नका, कारण नाव ही डिरेक्टरीतली नोंद आहे, फाईलमधली नव्हे.

तात्पुरती फाईल टेम्प डिरेक्टरीत करू नका. ती वेगळ्या फाईलसिस्टिमवर असली की रिनेम सरळ नाकारलं जातं. मग लोक कॉपी करायला लागतात, आणि कॉपी अखंड नसते.

एफसिंकने एरर दिली तर ‘पुन्हा मारून बघू’ करू नका. पोस्टग्रेस डेटाबेस लिहिणाऱ्यांना २०१८ साली हे महागात पडलं: पहिली एरर दिल्यावर कर्नल मेमरीतली ती पानं स्वच्छ, म्हणजे डिस्कवर उतरलेली, समजत होता, त्यामुळे दुसरं एफसिंक यश सांगायचं आणि डेटा गेलेला असायचा. एरर आली की तात्पुरती फाईल टाकून द्या आणि मेमरीतल्या मूळ डेटावरून नव्याने लिहा. जुनी फाईल शाबूतच असते.

५. वाचणं सोपं: रीड शून्य देईपर्यंत लूप. डिरेक्टरीची यादी रीडडिरने घ्या. क्रमाची खात्री नाही, आणि एक टिंब (ती डिरेक्टरी स्वतः), दोन टिंबं (तिच्या वरची) ही नावंही येतात, ती वगळा.

६. फाईलला मराठी नाव खुशाल द्या, पण मोजून. मर्यादा बहुधा २५५ बाइटची असते, अक्षरांची नव्हे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्राही त्यात आल्या. नुसतं ‘कोल्हापूर’ २७ बाइट होतं.

काम झाल्यावर प्रोग्राम एसट्रेसखाली (सिस्टिम कॉल क्रमाने दाखवणाऱ्या साधनाखाली) चालवा आणि कॉल डोळ्यांनी बघा: राइट, एफसिंक, क्लोज, रिनेम, डिरेक्टरीचं एफसिंक. यातला एकही मागेपुढे दिसला तर तो प्रोग्राम अडतीवर बसवू नका.