पायथनची नवी आवृत्ती आली की काय करावे

दरवर्षी ऑक्टोबरात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती येते आणि दरवर्षी दोन तऱ्हेची माणसे दिसतात. काही जण त्याच संध्याकाळी चालू प्रकल्पावर ती चढवतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. काही जण ‘चाललंय ना, मग हात कशाला लावायचा’ म्हणत चार-पाच वर्षे जुन्यावरच बसून राहतात. दोघेही शेवटी रात्री उशिरा लाल अक्षरांतल्या एररकडे बघत बसलेले सापडतात, फक्त वेगवेगळ्या वर्षी. मधला रस्ता कठीण नाही. बातमी नीट वाचायची सवय आणि एखाददुसरी मोकळी दुपार एवढ्यावर काम भागते.

पायरी १. आधी आकडा वाचा

३.१३.५ असा आकडा दिसला की त्याचे तीन तुकडे करा. पहिला ३ सध्या विसरलात तरी चालेल. तो डिसेंबर २००८ पासून तसाच आहे आणि २ वरून ३ वर येताना जगाची जी दमछाक झाली (पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, म्हणजे अकरा वर्षे लागली), ती पाहता ४ काढायची कुणाला घाई नाही. खरी बातमी मधल्या आकड्यात असते. १३ चे १४ झाले की नव्या सोयी येतात आणि काही जुन्या गोष्टी काढल्या जातात. शेवटचा आकडा दुरुस्तीचा. ५ चे ६ झाले तर साधारणपणे बग आणि सुरक्षेची भोके बुजवलेली असतात, दुसरे काही नाही.

हे आकडे दशांश नव्हेत, हे विसरू नका. ३.९ नंतर ३.१० आली तेव्हा बऱ्याच ठिकाणी गंमत झाली. यॅमल नावाच्या सेटिंग्जच्या फाइलीत अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिले की संगणक ती संख्या समजतो, शेवटचे शून्य टाकून देतो आणि ३.१ शोधायला निघतो. ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती सापडायला अर्धा दिवस गेला आहे. आवृत्ती नेहमी अवतरणचिन्हांत लिहा.

पायरी २. पिकलेली आहे की कच्ची, ते पाहा

पायथनचे वेळापत्रक २०२० च्या ३.९ पासून वार्षिक झाले. ऑक्टोबरच्या आधी अल्फा, मग बीटा, मग रिलीज कँडिडेट असे टप्पे येतात आणि प्रत्येकाची ‘आली, आली’ अशी वेगळी बातमी होते. अल्फाची बातमी वाचून सोडून द्या. त्यातली सोय पुढे राहीलच असे नाही. पहिला बीटा मे महिन्यात येतो आणि त्यानंतर नव्या सोयी घेणे बंद होते, म्हणून नव्या आवृत्तीत काय असेल हे खात्रीने कळण्याची वेळ हीच. रिलीज कँडिडेट, म्हणजे जवळजवळ अंतिम आवृत्त्या, साधारण ऑगस्टच्या आसपास येतात. तुमची स्वतःची लायब्ररी (इतरांच्या प्रोग्रॅमांत वापरता येणारा तयार कोड) इतर लोक वापरत असतील, तर तुमची कामाची वेळ ही आहे, ऑक्टोबर नव्हे. रिलीज कँडिडेटवर बांधलेली पॅकेजेस अंतिम आवृत्तीवर चालावीत अशीच योजना असते.

वेळापत्रक दगडावरची रेघ नसते. ३.११ च्या बीटात अडचणी निघाल्या आणि ती ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा, २४ ऑक्टोबर २०२२ ला आली. त्यामुळे वरिष्ठांना तारखेचा शब्द देऊ नका.

पायरी ३. ‘मंजूर’, ‘प्रायोगिक’ आणि ‘चालू’ यांत फरक करा

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते, म्हणून एक उदाहरण सावकाश पाहू.

पायथनमध्ये जीआयएल नावाचे एक कुलूप आहे. एका चालू प्रोग्रॅमात कितीही थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असले तरी पायथनचा कोड एका वेळी एकच थ्रेड चालवतो, तो या कुलपामुळे. ते काढण्याचा प्रस्ताव म्हणजे पेप ७०३. पेप म्हणजे पायथनमधल्या मोठ्या बदलाचा लेखी प्रस्ताव. २०२३ मध्ये तो मंजूर झाला आणि ‘जीआयएल गेले’ अशा बातम्या फिरल्या. गेले नव्हते. २०२४ च्या ३.१३ मध्ये कुलूप नसलेली एक वेगळी बांधणी आली, तीही प्रायोगिक. पुन्हा त्याच बातम्या. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये त्या बांधणीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का निघाला आणि तिला अधिकृत पाठिंबा मिळाला. तरीही साधे डाउनलोड करून जे पायथन हाती येते, त्यात कुलूप जागेवरच आहे. एकच गोष्ट तीन वर्षे ‘ताजी बातमी’ म्हणून विकली गेली आणि साध्या वापरकर्त्याच्या यंत्रावर काहीही बदलले नाही.

म्हणून कुठल्याही नव्या सोयीबद्दल वाचताना तीन प्रश्न विचारा. प्रस्ताव मंजूर झाला आहे की सोय प्रत्यक्ष आवृत्तीत आली आहे? आली असेल तर प्रायोगिक आहे का? प्रायोगिक नसेल तर आपोआप चालू असते की वेगळी चालू करावी लागते? ३.१३ पासून जे जेआयटी कंपायलर (प्रोग्रॅम चालू असतानाच त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा भाग) आहे, तेही ३.१४ पर्यंत प्रायोगिक आणि मुळात बंद ठेवलेले आहे.

वेगाच्या आकड्यांनाही हेच लावा. ३.११ आधीच्या आवृत्तीपेक्षा १० ते ६० टक्के वेगवान, सरासरी १.२५ पट, असे अधिकृतपणे सांगितले गेले आणि ते खरे होते. पण तो आकडा ठरावीक चाचणी-प्रोग्रॅमांचा. तुमचा प्रोग्रॅम बराच वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत बसत असेल, तर पायथन कितीही जोरात धावले तरी वाट तेवढीच पाहावी लागणार.

पायरी ४. ‘व्हॉट्स न्यू’ शेवटाकडून वाचा

प्रत्येक आवृत्तीबरोबर ‘व्हॉट्स न्यू’ नावाचा लांबलचक दस्तऐवज येतो. सगळे तो वरून वाचायला घेतात, चकचकीत सोयी पाहून खूश होतात आणि तिसऱ्या पानावर थकतात. तुमचा प्रोग्रॅम मोडणारी माहिती त्याच्या पुढे असते. ‘रिमूव्ह्ड’ (काढलेले), ‘डेप्रिकेटेड’ (वापरू नका असे सांगितलेले) आणि ‘पोर्टिंग’ (जुना कोड नव्यावर आणणे) हे तीन भाग आधी वाचा. वरचा भाग नंतर चहाबरोबर.

३.१२ मधून डिस्टयुटिल्स आणि इम्प ही मॉड्युले (पायथनबरोबर येणारे तयार कोडचे भाग) गेली. जुन्या सेटअप फाइली यांवरच उभ्या असतात, त्यामुळे अनेकांची पॅकेजेस इन्स्टॉलच होईनात. ३.१३ मधून एका फटक्यात १९ जुनाट मॉड्युले काढली, त्यांत सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट होती. हे काही अचानक झालेले नाही. नियमाप्रमाणे एखादी गोष्ट काढण्याआधी किमान दोन आवृत्त्या इशारा द्यावा लागतो आणि तो दिलाही होता. ऐकला कुणी नाही, कारण तो ऐकू येतच नाही. त्याचे कारण पुढच्या पायरीत.

पायरी ५. जुन्या आवृत्तीवर असतानाच इशारे चालू करा

डेप्रिकेशनचे इशारे पायथन बहुतेक वेळा लपवून ठेवते. तुम्ही थेट चालवलेल्या मुख्य फाइलीतले दिसतात, आत ओढलेल्या मॉड्युलांतले दिसत नाहीत. सामान्य वापरकर्त्याला त्रास नको हा हेतू चांगला आहे, पण त्यामुळे प्रोग्रॅमरही गाफील राहतो. कलेक्शन्स मॉड्युलमधून मॅपिंग सरळ घेण्याची जुनी पद्धत ३.१० मध्ये बंद झाली तेव्हा असेच झाले. ती ३.३ पासूनच नको म्हणून नोंदलेली होती.

उपाय सोपा आहे. नवे काहीही बसवण्याआधी, आहे त्याच आवृत्तीवर प्रोग्रॅम डेव्ह मोडमध्ये चालवा. पायथन या आज्ञेनंतर एक आडवी रेघ आणि मोठ्या लिपीतला एक्स, मग जागा सोडून डेव्ह, मग तुमच्या फाइलीचे नाव. दडलेले इशारे धडाधड बाहेर पडतील. बहुतेक तुमच्या कोडमधले नसतील, लायब्ऱ्यांमधले असतील. त्यांची नावे लिहून ठेवा, पायरी ७ ला लागतील. तुमच्या कोडमधले जे असतील ते आत्ताच दुरुस्त करा, कारण दुरुस्त केलेला कोड जुन्या आवृत्तीवरही चालतो. निम्मे स्थलांतर इथेच उरकते, आणि तेही पायथनची आवृत्ती न बदलता.

पायरी ६. जुन्याच्या शेजारी नवे बसवा

जुने काढून नवे बसवू नका. दोन्ही एका यंत्रावर सुखाने नांदतात. आणि ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेल्या पायथनला तर हातच लावू नका. लिनक्सवर सिस्टिमची स्वतःची साधने त्यावर चालतात, ते बिघडले तर प्रोग्रॅमसह यंत्रही रुसते. २०२३ च्या डेबियन १२ पासून तिथे पिप (पॅकेजेस बसवणारे साधन) सिस्टिमच्या पायथनमध्ये काही बसवायला सरळ नकार देते. लोक या नकारावर चिडतात आणि तो मोडून काढण्याचा पर्याय शोधून वापरतात. चिडू नका, तो नकार तुमच्याच भल्याचा आहे.

नवी आवृत्ती बसवल्यावर प्रकल्पासाठी तिचे नवे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रकल्पापुरते पायथन आणि लायब्ऱ्यांचे वेगळे फोल्डर, तयार करा. जुन्या एन्व्हायर्नमेंटचे फोल्डर उचलून इकडे आणणे हा आळस महागात पडतो. त्यातले दुवे जुन्या पायथनकडेच जातात. (३.१४ हा आकडा पाहून पायथन घडवणाऱ्यांना गणितातला ‘पाय’ आठवला आणि मोह आवरला नाही. लिनक्स आणि मॅकवर त्या आवृत्तीच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पायथनच्या नावाचा ‘पाय’ ग्रीक चिन्हाने लिहिलेला एक जादा दुवाही सापडतो.)

पायरी ७. लायब्ऱ्या तयार आहेत का, ते तपासा

पायथन बसणे सोपे, अडते ते लायब्ऱ्यांशी. पायपीआय या पायथन पॅकेजेसच्या संकेतस्थळावर पॅकेजचे पान असते, त्यावर डाउनलोड फाइलींची यादी असते. नव्या आवृत्तीचा आकडा नावात असलेले तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेले पॅकेज) दिसले तर काम सरळ. ते नसेल तर पिप मूळ कोड आणून तुमच्या यंत्रावर कंपाइल करू पाहते आणि पडद्यावर सी भाषेतल्या एररांचे शेपूट उलगडत जाते. ते शेपूट वाचत बसू नका. बहुतेक वेळा त्याचा एवढाच अर्थ असतो की व्हील अजून आलेले नाही, काही आठवडे थांबा. फक्त पायथनमध्ये लिहिलेल्या लायब्ऱ्यांना ही अडचण नसते.

वर्षानुवर्षे नवी आवृत्ती न काढलेली लायब्ररी यादीत निघाली, तर ती अडचण पायथनची नाही. तिला पर्याय शोधायची वेळ आली आहे, एवढेच.

पायरी ८. चाचण्या चालवा, मग दिवस ठरवा

चाचण्या लिहिलेल्या असतील तर दोन्ही आवृत्त्यांवर चालवा आणि निकाल शेजारी ठेवून बघा. नसतील तर निदान रोजची चार-पाच कामे हाताने करून पाहा.

शेवटी शून्य असलेली पहिलीच आवृत्ती घ्यावी का? शिकण्यासाठी, घरच्या प्रयोगांसाठी जरूर. ज्यावर इतरांचे काम अवलंबून आहे तिथे मी पहिली किंवा दुसरी दुरुस्ती येईपर्यंत थांबतो. दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही आणि तेवढ्यात लायब्ऱ्याही पोचतात.

दुरुस्तीची आवृत्ती मात्र लगेच घ्यावी, पण डोळे मिटून नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये ३.९.३ मध्ये नकळत एक विसंगती शिरली आणि दोनच दिवसांत ३.९.४ काढावी लागली. जून २०२५ मध्ये ३.१३.४ च्या पाठोपाठ आठ दिवसांत ३.१३.५ आली, तीही घाईनेच. कधी दुरुस्ती मुद्दामच वागणूक बदलते. सप्टेंबर २०२२ च्या ३.१०.७ ने सुरक्षेसाठी अंकांची मर्यादा घातली. ४,३०० पेक्षा जास्त अंकांची मजकुरातली संख्या पूर्णांकात बदलायला गेलात की तेव्हापासून एरर येते. प्रचंड संख्यांशी खेळणारे त्या दिवशी चांगलेच गोंधळले. दुरुस्ती आली की तिची टिपणे दोन मिनिटे चाळा, दोन दिवस जाऊ द्या, मग बसवा.

पायरी ९. शेवटची तारीख कॅलेंडरात टाका

प्रत्येक आवृत्तीचे आयुष्य ठरलेले असते, साधारण पाच वर्षे. ३.१३ पासून पहिली दोन वर्षे बग दुरुस्त होतात (आधीच्या आवृत्त्यांना दीड वर्षच मिळे), उरलेल्या काळात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. त्या दुसऱ्या काळात विंडोज आणि मॅकसाठी तयार इन्स्टॉलर मिळत नाहीत, नुसता मूळ कोड मिळतो. हे अनेकांना ठाऊक नसते आणि ते इन्स्टॉलर शोधत बसतात. म्हणून या दोन यंत्रांवर काम करणाऱ्यांनी पाच वर्षांचा हिशेब करू नये, दोनच वर्षांचा करावा.

जुने एन्व्हायर्नमेंट महिनाभर तसेच ठेवा. महिन्यात त्याची एकदाही आठवण झाली नाही, तर फोल्डर उडवा.