जपानच्या ओनसेनमध्ये जोडीदारासोबत जाताना
बहुतेक ओनसेनमध्ये, म्हणजे नैसर्गिक गरम पाण्याच्या स्नानगृहांत, पुरुष आणि बायकांचे विभाग वेगळे असतात, त्यामुळे तुम्ही दोघं पुरुष असाल तर एकत्रच आत जाता येतं. सगळे कपडे बाहेर काढून ठेवायचे, छोट्या स्टुलावर बसून साबणाने नीट अंघोळ करायची, अंगावरचा फेस पूर्ण धुवायचा आणि मगच कुंडात उतरायचं. हातातला टॉवेल पाण्यात बुडवू नका. लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. आत लहान मुलं, आजोबा सगळेच असतात, म्हणून तिथे जवळीक अजिबात नको. दोघांनाच निवांत वेळ हवा असेल तर रिओकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या हॉटेलात, खोली घेतानाच ‘काशिकिरी’, म्हणजे ठरावीक वेळेपुरतं फक्त तुमच्यासाठी राखलेलं कुंड, आहे का विचारा. माझ्या मते पहिल्या खेपेला हेच उत्तम. टॅटू असेल तर ह्योगो प्रांतातलं किनोसाकी निवडा, तिथल्या सातही सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो.